चासी नवी आहे, हे सांगायला लाज कसली?

जुन्या गाड्यांच्या शौकिनांमध्ये एक शब्द फार चालतो: ओरिजिनल. सीट ओरिजिनल, घड्याळ ओरिजिनल, नटबोल्टसुद्धा ओरिजिनल. या शब्दाच्या हट्टापायी गॅरेजमधल्या गरीब कारागिराच्या गळ्यात काय अडकवलं जातं, ते मालक बघत नाही. म्हणून हा लेख. मी शिक्षिका आहे, उर्दू आणि मराठी शिकवते, गाडी माझ्याकडे नाही. पण नाहूर-भांडुपच्या गॅरेजांत हात काळे करणारी कितीतरी मुलं माझ्या वर्गातून गेली आहेत आणि अडचण आली की अजून 'टीचर' म्हणून दारात उभी राहतात.

त्यातलाच एक वेल्डर परवा आला. त्याच्याकडे ट्रायम्फ स्पिटफायर कामाला आली होती. दोन सीटची, उघड्या टपाची ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार 1962 ते 1980 या काळात बनत होती. तिची बॉडी वेगळी आणि खालची लोखंडी चासी वेगळी, त्यामुळे बोल्ट सोडले की बॉडी उचलून बाजूला ठेवता येते. मुंबईचा पाऊस आणि खारी हवा यांनी ही चासी आतून खाल्ली होती. वरून रंग चांगला, हातोडी मारली की पत्रा आत.

आता चासी कोणती घालायची? कोणीतरी सुचवलं, स्टँडर्ड हेरल्डची घाला. ऐकायला बरं वाटतं. हेरल्ड 1961 पासून मद्रासला बनत होती, घरातल्या वडीलधाऱ्यांना ती आठवत असेल, आणि स्पिटफायर तिच्याच नात्यातली. पण हेरल्डच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर 91.5 इंच, स्पिटफायरचं 83 इंच. म्हणजे साडेआठ इंच कापा आणि जोडा. शिवाय हेरल्डमध्ये भार मुख्यतः चासी पेलते, तर स्पिटफायरमध्ये दरवाजाखालचे पत्र्याचे बंद खोकेही तो उचलतात. कापून जोडलेल्या लोखंडावर ऐंशीच्या वेगाने बसायचं असेल तर खुशाल बसा, शेजारच्या सीटवर मुलाला बसवू नका.

माझं मत सरळ आहे, आणि ते त्या मुलाकडूनच शिकलेलं आहे. मुख्य दोन दांडे शाबूत असतील तर जुनीच चासी दुरुस्त करा. सडलेला भाग कापून तितक्याच जाडीचा पत्रा लावा, पण चासी साच्यात घट्ट धरून आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपी मापं घेऊनच. बॉडी उचलण्याआधी दरवाजांच्या जागी आडवे पाइप टाका, नाहीतर बिनटपाची बॉडी मध्ये वाकते आणि मग दरवाजे जन्मात बसत नाहीत. दांडेच गेले असतील तर त्याच मापाची नवीन चासी आणा. महाग पडते, हे खरं. पण स्पोर्ट्स कार हौसेने ठेवणाऱ्याने स्वस्ताईचं कारण सांगू नये.

मालकाला दोन्ही नको होतं. त्याला भंगारातल्या दुसऱ्या गाडीची चासी हवी होती, आणि तिच्यावरचा नंबर घासून आपल्या आरसीतला नंबर पंच करून हवा होता. म्हणजे कागद म्हणणार, गाडी ओरिजिनल. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52 सांगतं की आरसीतला तपशील मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करायचा नाही. आणि नंबर घासणं हा तर चोरीच्या गाड्यांचा धंदा. पकडलं गेलं तर मालकासाठी वकील धावेल. पंच हातात धरणाऱ्यासाठी कोण धावणार? त्या मुलाचं नाव तुम्ही ओळखलं असेल, आणि ठाण्यात त्या नावाने काय फरक पडतो तेही. त्याने नकार दिला, गाडी दुसऱ्या गॅरेजात गेली.

'असल' हा शब्द आपण मराठीत रोज वापरतो. मूळ अरबीत त्याचा अर्थच मूळ, मुळी. झाडाची फांदी छाटली म्हणून मुळी खोटी होत नाही. लंडनच्या हायकोर्टात 1990 साली नेमका हाच वाद गेला होता. 'ओल्ड नंबर वन' नावाच्या बेंटलेने 1929 आणि 1930 साली ल मान्सची शर्यत जिंकली होती. पुढे तिचा सौदा झाला आणि खरेदीदार म्हणाला, हिच्यात 1929चं उरलंय काय? खरोखर जवळजवळ काहीच उरलं नव्हतं, चासीसुद्धा नाही. तरी न्यायाधीशांनी ती 'ओल्ड नंबर वन'च मानली, कारण तिचा इतिहास अखंड होता आणि कोणी तो लपवला नव्हता.

आपल्याकडे 2021 साली व्हिंटेज गाड्यांचे नियम आले. पन्नास वर्षांवरची गाडी, नोंदणीला 20,000 रुपये, दहा वर्षांची मुदत, नंबरात 'व्हीए' अक्षरं. चांगलं झालं. पण अट अशी की चासी, बॉडी किंवा इंजिनमध्ये बदल झालेला नसावा. सडलेली चासी काढून त्याच मापाची नवीन घालणं आणि हेरल्ड कापून चिकटवणं, हे दोन्ही एकाच 'बदला'त मोडतात की नाही, ते नियम उघड सांगत नाही. मग खरं सांगणारा घाबरतो आणि घासणाऱ्याचं फावतं. ब्रिटनने त्याच मापाची नवीन चासी बिल दाखवून बसवणाऱ्याला जुना नंबर ठेवू दिला होता.

आपल्या अर्जातही एक रकाना घाला: चासी मूळची, दुरुस्त की बदललेली? बदललेली असेल तर बनवणारा कोण, बिल कोणतं, बसवली कोणी आणि कधी. जुन्या चासीचा नंबर असलेला तुकडा कापून मालकाने जपावा आणि तपासणीला दाखवावा. बसवणाऱ्या मिस्त्रीचं नाव आणि सहीही त्याच कागदावर हवी, मालकाच्या सहीच्या शेजारी.