दोन तासांची सोबत



सत्तरी ओलांडलेल्या एक आजी आमच्या सल्ला केंद्रात आल्या. सून जेवायला देत नाही, तिनं पाटल्या चोरल्या, अशी तक्रार. नेहमीप्रमाणे आम्ही ती लिहून घेतली आणि जाब विचारायला सुनेला बोलावलं. ती आली तीन रात्रींची जागरणं घेऊन. पाटल्या तांदळाच्या डब्यात सापडल्या होत्या, तेही दुसऱ्यांदा. आणि जेवण झाल्याचं आजींना तासाभरानं आठवत नव्हतं. इतकी वर्षं काम करूनही, हा आजार असू शकतो हे आमच्यापैकी एकीच्याही मनात आलं नव्हतं.

आपल्याकडे या अवस्थेला शब्द आहे 'म्हातारचळ'. तो उच्चारला की हसून विषय मिटतो. डॉक्टर याला स्मृतिभ्रंश किंवा डिमेन्शिया म्हणतात. अल्झायमर हे त्याचं सर्वांत मोठं कारण. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार साठीपुढच्या शंभरांतल्या सात जणांना तो आहे, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. बायकांमध्ये हे प्रमाण शंभरी नऊ, पुरुषांमध्ये सहाच्या आत. शहरांपेक्षा खेड्यांत जास्त. शाळेचं तोंड न पाहिलेल्यांना या आजाराचा धोका अधिक असतो. मुलीला शाळेतून काढण्याची किंमत ती सत्तरीतही भरत असते, असा याचा अर्थ आम्ही घेतो.

आणि दुखणेकऱ्याचं करायचं कुणी? बायको, सून, नाहीतर नोकरी सोडून आलेली लेक. मुलगा औषधं आणून देतो आणि त्याचं कौतुक होतं.

जपानमध्येही या आजाराला असाच हिणवणारा शब्द होता. २००४ साली सरकारनं तो बदलला. २००५ पासून साध्या माणसांसाठी दीड तासाचे वर्ग सुरू झाले. दुकानदार, बँकेतले कर्मचारी, शाळेतली मुलं, सगळी ते करतात. यात वैद्यकी फारशी नाही. समोरून जावं, सावकाश बोलावं, एका वेळी एकच प्रश्न विचारावा, वाद घालू नये. आपल्या बचत गटाच्या बैठकीत हे सहज शिकता येईल. कोपऱ्यावरचा वाणी, रिक्षा स्टँड, दूधवाला यांनाही सांगता येईल, की या आजी एकट्या दिसल्या तर कुणाला कळवायचं. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' सिनेमात हरवलेल्या विद्वान म्हाताऱ्याला सांभाळते ती एका माहुताची बायको. तिला आजाराचं नावही ठाऊक नसतं.

वस्तीतल्या दोघींनी आठवड्यातून दोन तास अशा घरी जाऊन बसायचं, असं आम्ही ठरवतो आहोत. आजींबरोबर मेथी निवडायची, त्यांना ओव्या म्हणायला लावायच्या. जुनं बरंच शाबूत असतं. सकाळचं काय ते जातं. तेवढ्या वेळात सुनेनं बँकेत जावं, स्वतःचा दुखरा दात दाखवावा, नाहीतर सरळ झोपावं. ती कुठे गेली होती हे विचारायचं नाही.

बैठकीत एकीनं तडक विचारलं, 'म्हणजे पुन्हा बायकांनीच फुकट राबायचं?' प्रश्न खरा आहे. म्हणून पाळ्यांच्या यादीत घरातल्या आणि शेजारच्या पुरुषांची नावं हवीत, आणि सरकारी दिवसभराच्या देखभाल केंद्रांची मागणी आपण सोडायची नाही. तो भार आधीच वाकलेल्या आशाताईंवर टाकून चालणार नाही.

आणखी एक. म्हातारी विसरते, म्हणून तिची प्रत्येक तक्रार आजारातच ढकलू नका. उपाशी ठेवलेल्या, घर नावावर करून घेतलेल्या बायाही आपल्याकडे येतात. विसरणारीलाही कुणी मारत असू शकतं. म्हणून चौकशी करायचीच, आणि डॉक्टरकडेही न्यायचं. थायरॉईड, बी-१२ ची कमतरता किंवा नैराश्य यांमुळेही विसरायला होतं, आणि त्यावर उपचार आहेत. निदान आपण करायचं नाही.

त्या आजींकडे सध्या बुधवारी आम्ही दोघी जातो. त्या आम्हाला माहेरच्या पाहुण्या समजतात आणि चहा टाकायला सांगतात. पाळ्यांच्या यादीत आजवर नावं आली आहेत अकरा. पुरुष एकच, तोही निवृत्त पोस्टमन. मुलाचं नाव अजून आलेलं नाही. पुढच्या बुधवारी आम्ही त्याला घरी थांबायला सांगितलं आहे.