गाणारीचं नाव

श्रेयनामावलीची शेवटची ओळ सरकून जाईपर्यंत मी खुर्ची सोडत नाही, हे या सदराच्या वाचकांना ठाऊक आहे. त्यामुळे गेल्या रविवारी ‘हेमिश’ हा माहितीपट संपल्यावर मागच्या रांगेतली चर्चा कानावर पडलीच. “एका माणसाने अख्ख्या देशाची गाणी वाचवली,” असं कुणीतरी म्हणालं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. ते वाक्य मला आठवडाभर सलतंय.

माहिती थोडक्यात सांगते. हेमिश हेन्डरसन (१९१९–२००२) हा स्कॉटिश कवी आणि लोकगीतांचा संग्राहक. दुसऱ्या महायुद्धात तो उत्तर आफ्रिकेत होता. तिथल्या मृत सैनिकांवरच्या त्याच्या शोककवितांना १९४९ मध्ये सॉमरसेट मॉम पुरस्कार मिळाला. १९५१ मध्ये अमेरिकन संग्राहक अॅलन लोमॅक्सबरोबर तो गाणी ध्वनिमुद्रित करत फिरला आणि पुढे एडिनबरा विद्यापीठाच्या स्कूल ऑफ स्कॉटिश स्टडीजमध्ये रमला. रॉबी फ्रेझर यांचा हा माहितीपट २०१६चा. चित्रकार अलेक्झांडर मोफॅट यांनी हेन्डरसनला आणि त्याच्या काळातल्या गाणाऱ्यांना ‘स्कॉटलंड्स व्हॉइसेस’ या मोठ्या चित्रात एकत्र आणलं, तेही त्यानंतरच. मोफॅट यांच्या १९८०च्या ‘पोएट्स पब’मध्ये मधोमध बसले आहेत ते सगळे पुरुष कवी. नव्या चित्रात गाणाऱ्यांना जागा मिळाली याचा मला फार आनंद झाला.

पण मला बोलायचंय ते गायिका जीनी रॉबर्टसनबद्दल.

१९५३ साली हेन्डरसन अॅबरडीनच्या बाजारात विचारत विचारत तिच्या दारात पोचला. ती दमलेली होती, नंतर या म्हणाली. तो हलेना. हार्लॉच्या लढाईचं जुनं गीत त्याने तिथेच सुरू केलं. हे असं नाही म्हणायचं, म्हणून ती स्वतःच गायला लागली. ही हकीकत तो पुढे आनंदाने सांगत असे. विद्यापीठातला पंडित चुकीचं गातोय, हे न राहवून सांगणारी ती बाई मला त्या पंडिताइतकीच मोठी वाटते.

जीनी भटक्या ट्रॅव्हलर समाजातली. गावोगाव डोंबारी-वैदूंच्या वाट्याला आपल्याकडे जी नजर येते, तशीच त्यांच्या वाट्याला तिथे येई. तंबू दिसला की हाकलायचे, मुलं शाळेत गेली की टोमणे मारायचे. आणि त्याच तंबूंत शतकांपूर्वीची बॅलड्स तोंडपाठ होती! जीनीला ती आईकडून मिळाली. तिची मुलगी लिझी हिगिन्सही नावाजलेली गायिका झाली. गाणी या बायकांनी जपली होती, कुणी ऐकायला येवो न येवो.

हेन्डरसनचं मोठेपण हे की त्याने हे ओळखलं होतं. ब्लेअरगौरी हे त्याचं जन्मगाव. तिथे रासबेरी तोडायला ट्रॅव्हलर कुटुंबं उन्हाळ्यात येत. तो त्यांच्या तळावर मुक्कामाला जाई, त्यांच्याबरोबर गाई. नुसत्या फिती भरून कपाटात ठेवण्यापेक्षा गाणाऱ्याला लोकांसमोर उभं करण्यात त्याला रस होता. १९५१च्या एडिनबरा पीपल्स फेस्टिव्हलमध्ये त्याने हेच केलं. जीनीला १९६८ मध्ये एमबीई हा ब्रिटिश सन्मान मिळाला. त्याने स्वतः १९८३ मध्ये ओबीई हा सन्मान नाकारला.

गाणारीची दखल घेणारं काम आपल्याकडेही झालं: हेमा राईरकर आणि गी पॉइटवॅं यांनी जात्यावरच्या ओव्या जमवल्या, त्या लाखाच्या वर आहेत. त्या ओव्यांपाशी गाणारीचं नाव आणि गाव असतं. तेवढं तरी प्रत्येक ठिकाणी असलंच पाहिजे, आणि ‘लोकपरंपरेतून’ एवढं छापून मोकळे होणाऱ्या ध्वनिमुद्रिकांचा मला खरोखर राग येतो.

स्कूल ऑफ स्कॉटिश स्टडीजचा मोठा ठेवा आता ‘टोबर ॲन ड्युअल्खस’ या संकेतस्थळावर कुणालाही ऐकता येतो. रविवारच्या खेळाच्या आयोजकांना मी कळवलंय: पुन्हा माहितीपट दाखवाल तेव्हा आधी जीनीचं एक पूर्ण गाणं ऐकवा, मधे न कापता.