पिकाचा सण, कपाळाची अट

यवतमाळ जिल्ह्यातल्या बोरी अरबच्या स्टँडवर या आठवड्यात सामूहिक हळदीकुंकवाचा फ्लेक्स लागला. वर भाऊ, दादा, साहेब असे सहा पुरुष हात जोडून हसताहेत. खाली बारीक अक्षरांत ‘सर्व सुवासिनींनी अगत्य येणे’. निवडणुकीचा वास आला की यांची संक्रांत लांबते, हे माझं जुनंच म्हणणं.

खरा राग त्या ‘सुवासिनी’ शब्दाचा. विधवेला त्यात जागा नाही. यवतमाळात 11 जानेवारी 2019 ला 92वं साहित्य संमेलन सुरू झालं. लेखिका नयनतारा सहगल यांचं उद्घाटनाचं निमंत्रण मागे घेऊन व्हायची ती शोभा झाली होती. मग उद्घाटनाला बोलावलं कळंब तालुक्यातल्या वैशाली येडे यांना. शेतकरी नवऱ्याने आत्महत्या केलेली, अंगणवाडीत काम करणारी बाई संमेलनाध्यक्ष अरुणा ढेरे यांच्यासोबत मंचावर! जिल्ह्याची मान उंच झाली. चार दिवसांनी, 15 तारखेला, संक्रांत होती. अभिमानाने बातमी वाचलेल्या किती घरांनी शेजारच्या तशाच बाईला वाणाला बोलावलं? आकडा कोणाकडे नाही. मला तो लागतही नाही, गल्ली ओळखीची आहे. मंचावर तिच्या दुःखाला मान मिळतो. ओट्यावर मात्र आधी कपाळ तपासतात.

वावरात कोणी तपासत नाही. कापूस वेचायला सुवासिनी आणि विधवा दोघी सोबत वाकतात, किलोमागे मजुरी तीच. आणि सुगडात आपण भरतो काय? हरभरा, ऊस, बोरं, गव्हाची ओंबी. हा पिकाचा सण आहे. नवरा गेल्यावर ज्या बाईने एकटीने पीक घरात आणलं, तिलाच उंबऱ्याबाहेर ठेवायचं आणि वर परंपरा म्हणायचं!

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने 4 मे 2022 ला विधवा प्रथा बंदीचा ठराव केला. 17 मे रोजी शासनाने परिपत्रक काढून इतर गावांनाही तसं करायला सांगितलं. ठरावाने ओटे बदलत नाहीत, असं म्हणणारे भेटतीलच. ते बहुधा फ्लेक्सवरच असतात. 26 जानेवारीला ग्रामसभा आहे. बायांनो, यंदा मागे बसू नका, हा विषय मांडा. आणि वाण लुटायचं राहिलं असेल तर रथसप्तमीच्या आत त्या शेजारणीला बोलावणं धाडा.