सव्वा तासाची थाप

लंडन ते पॅरिस किती लांब आहे, असं फोनला विचारा. क्षणात उत्तर येतं: अंतर साधारण ३४५ किलोमीटर, विमानाने सव्वा तास. दोन्ही आकडे चूक नाहीत. तरीही प्रवाशाच्या दृष्टीने ही शुद्ध थाप आहे, असं माझं म्हणणं आहे.

३४५ किलोमीटर म्हणजे पृथ्वीच्या गोलाईवरून ओढलेली सगळ्यात आखूड रेघ. सव्वा तास म्हणजे एका विमानतळावरून निघून दुसऱ्यावर टेकेपर्यंतचा वेळ. पण विमानतळावर कुणी राहत नाही. पॅरिस लंडनच्या आग्नेयेला. हीथ्रो मात्र शहराच्या मध्यापासून वीसेक किलोमीटर पश्चिमेला. म्हणजे पॅरिस गाठायला आधी उलट्या दिशेने पळा! पलीकडे शार्ल द गोल विमानतळही पॅरिसच्या बाहेर, पंचवीसेक किलोमीटरवर.

आता माझा हिशेब बघा. हीथ्रो गाठायला एक तास. दोन तास आधी हजेरी. विमानाचा सव्वा तास. उतरल्यावर पासपोर्टची रांग आणि बॅग, पाऊण तास. शहरात शिरायला आणखी पाऊण. बेरीज पावणेसहा तास. ३४५ किलोमीटरला ३४५ मिनिटं, म्हणजे ताशी साठ! हा वेग जेट विमानाचा नाही, महामार्गावरच्या एसटीचा आहे.

रेल्वेचा रस्ता तर याहून लांब, सुमारे ४९० किलोमीटर. पण १९९४ साली समुद्राखालून ५० किलोमीटरचा बोगदा सुरू झाला आणि गणित फिरलं. युरोस्टार सेंट पँक्रासहून निघते आणि साधारण सव्वादोन तासांत गार द्यू नोरला पोचते. दोन्ही स्टेशनं भर शहरात. दोन्ही देशांची पासपोर्ट तपासणी निघण्यापूर्वीच होते, त्यामुळे उतरलं की चालू लागायचं. आधीचा तास-सव्वा तास आणि स्टेशनपर्यंतचा वेळ धरूनही चार तासांत काम होतं.

‘पण विमानाचं तिकीट स्वस्त पडतं ना?’ बऱ्याचदा पडतं, मान्य. पण का पडतं तेही विचारा. १९४४ च्या शिकागो करारापासून आंतरराष्ट्रीय विमानाच्या टाकीतल्या इंधनाला करातून सूट मिळत आली. युरोपीय संघाच्या २००३ च्या नियमांनीही प्रवासी विमानांच्या इंधनाला तशीच सूट दिली. गाडीत पेट्रोल भरणारा कर भरतो, विमान कंपनी भरत नाही. मग त्या स्वस्ताईचं कौतुक कशाला? तिचा धूर तर आपल्या सगळ्यांच्याच वाट्याला येतो.

फ्रान्सने २०२३ साली रेल्वेने अडीच तासांच्या आत जाता येतं अशा देशांतर्गत मार्गांवरची विमानं बंद केली. प्रत्यक्षात तीनच मार्ग बंद झाले: पॅरिसच्या ऑर्ली विमानतळावरून बोर्दो, नांत आणि ल्यों. लंडन–पॅरिस याच अडीच तासांच्या कसोटीत बसतं, पण मध्ये सीमा आहे म्हणून सुटतं. धुराला सीमा कळते का?

मुंबईहून हीथ्रोवर उतरून लगेच पुढचं विमान पकडणाऱ्याशी माझं भांडण नाही. त्याला तेच सोयीचं. भांडण आहे ते आकडा दाखवणाऱ्यांशी. तिकीट विकणाऱ्या प्रत्येक अ‍ॅपने विमानाच्या वेळेशेजारी घरापासून मुक्कामापर्यंतचा वेळ छापायलाच हवा, तितक्याच मोठ्या अक्षरात. ते छापेपर्यंत तिकीट काढण्याआधी ही बेरीज तुम्हीच करा. दोन मिनिटं लागतात.