उष्टा माउथ ऑर्गन

आमच्या इंदूरच्या मराठी घरांत आजोबांची पेटी नातवाकडे येते, तबल्याला नवी शाई लावून घेतात, तंबोऱ्याला नव्या तारा चढतात. माउथ ऑर्गन मात्र वाजवणाऱ्याबरोबरच संपतो. कारण एकच. "शी, उष्टं आहे ते!"

दादा गेले तेव्हा आईनं त्यांचा माउथ ऑर्गन शोकेसमध्ये ठेवला. रामबागेतल्या घराच्या गच्चीवर रात्रीची जेवणं झाली की ते वाजवायचे. 'सोलवा साल' (१९५८) मधलं हेमंतकुमारांचं गाणं तर हमखास. त्यातला माउथ ऑर्गन राहुलदेव बर्मन यांचा, 'दोस्ती' (१९६४) मधलाही त्यांचाच, हे आम्हाला दादांनीच सांगितलं. आजोबांना हे पसंत नव्हतं. "शिकायचं तर पेटी शिक, हे काय टवाळखोरांचं वाद्य वाजवून राहिलास?"

आजोबांचं चुकलं असं मला वाटतं. दोन्ही वाद्यांत हवेनं थरथरणाऱ्या पितळी रीडच असतात. पेटीला भाता, इथे आपली छाती. फुंकलं की सा, त्याच्याच शेजारी ओढलं की रे. त्यामुळे श्वासाचा हिशेब चुकला की ओळ मध्येच तुटते. साध्या माउथ ऑर्गनवर शुद्ध सूरच मिळतात. कोमल गंधार आला की गाडी अडते. मग बटणाचा क्रोमॅटिक तरी हवा, नाहीतर दादांसारखे सी आणि सी शार्प असे दोन एकावर एक धरायचे. याला टवाळकी म्हणायचं का?

गेल्या दिवाळीत माझ्या मुलीनं तो मागितला. आई म्हणाली, "आठवण आहे ती, राहू दे." मी ऐकलं नाही. स्क्रू काढून वरचे पत्रे वेगळे केले, स्पिरिटच्या बोळ्यानं हलक्या हातानं पुसलं. पाण्यात बुडवायचा नसतो, आतलं लाकूड फुगतं. एक सूर आता लागत नाही, बाकी सगळे ठीक आहेत.

वाजवून वाजवून उरलेल्या रीडही कधीतरी मोडतील, हे मान्य. मग ते वाद्य खरंच संपेल. पण शोकेसमध्ये ते कुठं जिवंत होतं? पेटी वाजवून जुनी झाली तर आपण तिचं कौतुक करतो, मग यालाच कुलूप का?

मुलगी वाजवायला लागली तेव्हा आई आत निघून गेली. थोड्या वेळानं दारात येऊन म्हणाली, "अगं, इथं दादा जरा जास्त थांबायचे." ते 'थांबणं' कुठल्याही शोकेसमध्ये राहत नाही. आई आहे तोवरच ते मुलीला शिकता येईल.

तुमच्याही कपाटात असा एखादा असेल. पुसा आणि मुलांच्या हातात द्या. वडिलांच्या ताटातलं आपण खातच होतो की!