मानधनाचं पाकीट नको, तासाचा दर ठरवा

जयंती जवळ आली की वस्तीतल्या संगीत शिक्षकाला फोन सुरू होतात. "सर, पोरांकडून चार भीमगीतं बसवून घ्या." महिनाभर रोज संध्याकाळी तालीम चालते. शेवटी शाल, पुष्पगुच्छ आणि एक पाकीट. पाकिटात किती असेल, हे आधी कुणी बोलत नाही. विचारलं तर उत्तर ठरलेलं: "समाजाचं काम आहे, सर. बाबासाहेबांसाठी पैसे मागता?" त्याच कार्यक्रमाचा डीजेवाला मात्र दर सांगतो, अर्धे पैसे आगाऊ घेतो. त्याला कुणी समाजाची आठवण करून देत नाही.

हे आम्ही बाहेरून बोलत नाही. अशा मंडळांत आम्हीही बसलो आहोत, ती पाकिटं आम्हीही भरली आहेत. म्हणूनच हा प्रश्न आधी स्वतःला आहे.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. एप्रिल १९४६ मध्ये त्यांनी किमान वेतनाचं विधेयक मांडलं. १९४८ मध्ये त्याचा कायदा झाला. त्यामागचा विचार साधा आहे: श्रमाची किंमत देणाऱ्याच्या मर्जीवर सोडायची नाही. संविधानाच्या अनुच्छेद २३ ने वेठबिगारीवर बंदी घातली. पण किमान वेतनाचा कायदा मालक आणि कामगार हे नातं धरून चालतो. घरोघरी जाऊन तबला, पेटी, गायन शिकवणाऱ्याला मालकच नाही. मग त्याचा दर कोण ठरवणार? त्यानेच, आणि त्याच्यासारख्या इतरांनी मिळून.

हिशोब मांडून बघू. आकडे उदाहरणादाखल आहेत, आपल्या गावाप्रमाणे बदलावेत. शिक्षकाच्या हातात महिन्याला २५,००० रुपये राहावेत असं धरू, म्हणजे वर्षाचे ३ लाख. खोलीचं भाडं, तबल्याची पुडी, पेटीची दुरुस्ती, प्रवास यांचे ६०,००० धरा. एकूण ३,६०,०००. मुलं शाळा सुटल्यावरच येतात, म्हणून आठवड्याला २० तास शिकवणं होतं. परीक्षा, दिवाळी, मे महिना वगळून ४४ आठवडे. म्हणजे ८८० तास. भागाकार केला की तासाला साधारण ४०९ रुपये येतात.

आता वस्तीतली बॅच बघा. पाच मुलं, प्रत्येकी महिन्याला ३०० रुपये, महिन्यात आठ तास. शिक्षकाला तासाला १८७ रुपये पडतात. लागतं त्याच्या निम्मेही नाहीत.

इथे रास्त आक्षेप येतो: फी वाढवली तर नाका-कामगाराचं पोर शिकणार कसं? ते शिकलंच पाहिजे. पण त्याच्या फीची सवलत एकट्या शिक्षकाच्या पोटातून का काढायची? बहुतेक वेळा तो शिक्षकही त्याच वस्तीतला असतो. वरच्या हिशोबात एका बॅचचा फरक वर्षाला सुमारे १९,५०० रुपये आहे. तो मंडळाने वर्गणीतून भरावा. डीजेची एक रात्र कमी केली तर पाच मुलांचं वर्ष निघू शकतं.

दुसरा आक्षेप भावनेचा आहे: वामनदादा कर्डकांनी कुठे दर लावला होता? वामनदादांचं ऋण आमच्यावर आहे. पण एकाने स्वखुशीने केलेला त्याग दुसऱ्याकडून वसूल करता येत नाही. 'गुरुदक्षिणा' हा शब्दही तपासून घ्यावा. अंगठा मागणारी ती परंपरा आपली नाही. आपली परंपरा हक्काची आहे.

म्हणून आमचं म्हणणं असं. आपल्या शहरातल्या संगीत शिक्षकांनी एकत्र बसून तासाचा किमान दर काढावा आणि तो बुद्धविहाराच्या फलकावर लावावा. महिन्याची फी आगाऊ घ्यावी. मूल आलं नाही म्हणून पैसे कापू नयेत. तालमीचे तास कार्यक्रमाच्या रकमेत धरावेत. कुणाला फुकट शिकवायचं असेल तर जरूर शिकवावं, पण ते शिक्षकाने ठरवावं, मंडळाने नाही.

येत्या जयंतीच्या बैठकीत खर्चाची यादी होईल तेव्हा मंडप आणि डीजेच्या आधी शिक्षकाचं नाव लिहा, आणि नावापुढे 'मानधन' नको, आकडा लिहा.

जय भीम!