खोली आपली, पण धूर कोणाचा?

गेल्या नोव्हेंबरातली गोष्ट. पाचोरा तालुक्यातल्या एका गावात माझी सभा होती. कपाशीची फरदड घेऊ नका, गुलाबी बोंडअळीला पुढच्या हंगामासाठी खाद्य ठेवू नका, एवढंच सांगायचं होतं. ग्रामपंचायतीत दुसरी बैठक चाललेली, म्हणून सभा भरली माजी सैनिकांच्या खोलीत. फौजेतून पेन्शनीत निघालेल्या मंडळींनी वर्गणी काढून स्वतःच्या जागेवर बांधलेली ही खोली. आत कॅरम, टीव्ही, भिंतीवर पलटणीचे जुने फोटो. थंडी म्हणून खिडक्या लावलेल्या आणि चार-पाच जणांच्या बिड्या-सिगारेटी पेटलेल्या. पंधरा मिनिटांत माझे डोळे चुरचुरायला लागले.

बाहेर ओट्यावर एक बाई कागद घेऊन उभ्या होत्या. त्यांचे मालक फौजेत होते, आता नाहीत. पेन्शन चालू राहण्यासाठी हयातीचा दाखला द्यायचा असतो, त्याचे कागद याच खोलीतले एक निवृत्त सुभेदार भरून देतात. मी म्हटलं, "मावशी, आत या ना." त्या म्हणाल्या, "नको भाऊ, धुरानं मले खोकला लागतो. त्यांचं झालं की येतीन ते बाहेर."

सभा संपल्यावर मी भीतभीतच विषय काढला. सुभेदार आप्पा हसले. "साहेब, तो नियम एसटी स्टँडचा. ही आमची खासगी जागा आहे. सभासदाशिवाय इथं कोणी येत नाही." मी गप्प बसलो. वास्तविक मी स्वतः त्या खोलीत तासभर बसलो होतो, समोर पंचवीस-तीस शेतकरी होते आणि त्या मावशी दाराशी उभ्या होत्या. आमच्यापैकी बहुतेक जण सभासद नव्हते. पण ते तेव्हा सुचलं नाही. घरी येताना मोटारसायकलवर सुचलं.

कायदा काय म्हणतो?

सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान नको, हा विषय आपल्याकडे न्यायालयातून पुढे आला. मुंबईचे माजी महापौर मुरली देवरा यांच्या याचिकेवर २ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयानं दवाखाने, शाळा, वाचनालयं, न्यायालयं, सरकारी कचेऱ्या, रेल्वे अशा ठिकाणी धूम्रपानाला मनाई केली. मग २००३ चा केंद्रीय तंबाखू नियंत्रण कायदा आला आणि त्याचे सविस्तर नियम २ ऑक्टोबर २००८ पासून, म्हणजे गांधी जयंतीपासून, लागू झाले.

या कायद्यात सार्वजनिक ठिकाण कशाला म्हणायचं? जागा कोणाच्या मालकीची, हे कायदा विचारत नाही. तिथं लोकांची ये-जा आहे का, एवढंच तो पाहतो. ती ये-जा हक्कानं असो वा नसो. २००८ च्या नियमांनी कामाची ठिकाणं, कँटीन, बार हेही त्यात स्पष्ट घातलं. सूट कोणाला, याचीही यादी आहे : ३० किंवा जास्त खोल्यांचं हॉटेल, ३० किंवा जास्त माणसं बसतील असं उपाहारगृह आणि विमानतळ. त्यांनाही वेगळी बंदिस्त खोली करावी लागते. भिंती पूर्ण उंचीच्या, दार आपोआप मिटणारं, धूर थेट बाहेर ओढणारा पंखा. सैनिकांचा क्लब, ज्येष्ठांचं विरंगुळा केंद्र, पत्त्यांचा अड्डा यांची नावं त्या यादीत नाहीत.

आता कोणी म्हणेल, आमच्या दाराला कुलूप आहे, सभासदाखेरीज चिटपाखरू येत नाही. अशा जागेबद्दल वकील वाद घालू शकतील. पण आपल्या खेड्यात अशी खोली दाखवा. त्याच खोलीत कृषी खात्याची सभा होते, लसीकरण होते, निवडणुकीची बैठक होते. शिवाय तिथं झाडलोट करणारा, चहा करणारा एक गडी महिन्याच्या पगारावर असतो. सभासदांना ती विरंगुळ्याची जागा, त्याला ती कामाची जागा. सभासद उठून घरी जाऊ शकतो, गडी जाऊ शकत नाही.

बांध आपला, वारा कोणाचा?

शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको. आपण आपल्या मक्यात टू-फोर-डी मारतो. शेत आपलं, औषध आपलं, पंप आपला. पण वारा सुटला की फवारा शेजाऱ्याच्या कपाशीवर जातो आणि चार दिवसांत तिची पानं भेंडीच्या पानासारखी होतात. तेव्हा शेजारी बांधावर येऊन भांडतो, आणि "माझ्या शेतात मी काहीही मारीन" हे आपलं उत्तर गावात कोणी ऐकून घेत नाही. धुराचंही तसंच आहे. तो सभासदाची पावती बघून छातीत शिरत नाही. दुसऱ्याच्या धुराचं कोणतंही प्रमाण निर्धोक नाही, असं अमेरिकेच्या सर्जन जनरलनी २००६ च्या अहवालात नमूद केलं आहे. स्वतः न ओढता दुसऱ्याच्या धुरानं मरणारांची संख्या जगात वर्षाला दहा लाखांवर आहे.

२०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रात १५ वर्षांवरील लोकांत धूम्रपान करणारे फक्त ३.८ टक्के होते. चघळायच्या तंबाखूचं प्रमाण मात्र २४.४ टक्के, आणि ते दुखणं वेगळं लिहिण्याजोगं आहे. मुद्दा एवढाच, की शंभरात चार जण ओढतात आणि श्वास शंभरही जणं घेतात.

बोलणार कोण?

रेल्वेच्या १९८९ च्या कायद्यात एक कलम आहे. डब्यातल्या दुसऱ्या प्रवाशानं हरकत घेतली, तर धूम्रपान करायचं नाही. म्हणजे तोंड उघडायची जबाबदारी ज्याला त्रास होतो त्याच्यावर. आपल्या गावात हे कसं जमायचं? सीमेवर उभ्या राहिलेल्या सुभेदार आप्पांना चहावाला गडी हरकत घेईल? दाखल्यासाठी आलेली विधवा बाई घेईल? सरकारी नोकर असून मी घेतली नाही. २००८ च्या नियमांनी हे ओझं उचलून जागा सांभाळणाऱ्यावर ठेवलं. फलक त्यानं लावायचा, तक्रार कोणाकडे करायची ते नाव त्यानं लिहायचं, रक्षापात्र आणि काडेपेटी ठेवायची नाही. तक्रार येऊनही तो हलला नाही तर दंड त्यालाही. दंड २०० रुपयांपर्यंत, आणि गावपातळीवर तो करण्याचा अधिकार सरपंचाला आणि ग्रामपंचायतीच्या सचिवालाही आहे. हे बहुतेक सरपंचांना माहीतच नसतं.

हाच वाद इंग्लंडातही झाला. तिथं माजी सैनिकांचे गावोगाव क्लब आहेत. सरकारचा आधीचा बेत खासगी क्लबांना सूट देण्याचा होता. १४ फेब्रुवारी २००६ रोजी खासदारांनी पक्षादेश बाजूला ठेवून मतदान केलं आणि ३८४ विरुद्ध १८४ मतांनी क्लबही बंदीत घेतले. १ जुलै २००७ पासून ती अंमलात आली. क्लबातल्या नोकराची छाती बारमधल्या नोकराच्या छातीपेक्षा वेगळी नसते, हा तिथला मुख्य मुद्दा होता.

अपमान नको, ओटा हवा

सैनिकांची बाजूही नीट समजून घ्यायला हवी. हे व्यसन पुष्कळदा फौजेनंच लावलेलं असतं. दुसऱ्या महायुद्धात तर ब्रिटिश आणि अमेरिकन सैनिकांच्या शिध्यातच सिगारेट असे. बर्फात, पहाऱ्यावर, रात्रभर जागणाऱ्याला तीच सोबत. निवृत्तीनंतर गावात मन रमत नाही, पोरं पुण्या-नाशकाला, आणि ही एक खोली तेवढी आपली वाटते. तिथंही कोणी शिपाई पाठवून पावती फाडली, तर माणसं यायची बंद होतील. ही भीती खोटी नाही.

म्हणून पावती शेवटी, आधी ठराव. सभासदांनी स्वतः बसून ठरवावं, की छताखाली बिडी नाही. बाहेर लिंबाखाली दोन बाकडी टाकावीत, उन्हापावसाला वर पत्रा बांधावा, पण चारी बाजू मोकळ्या ठेवाव्यात. उघड्यावर या कायद्याची मनाई नाही, मात्र बसथांबा, रेल्वे स्टेशन अशी गर्दीची ठिकाणं उघडी असली तरी तिथं चालत नाही. ज्याला सोडायची आहे त्यानं १८००-११-२३५६ या राष्ट्रीय मोफत क्रमांकावर फोन करावा.

शिस्त हा शब्द गावाला याच मंडळींनी शिकवला. पंधरा ऑगस्टला झेंड्याखाली सगळं गाव त्यांच्याकडे बघून सावधान होतं. त्यांनी आपल्या खोलीत ही एक ओळ पाळली, तर शेजारच्या पत्त्यांच्या अड्ड्याला आणि सोसायटीच्या कचेरीला वेगळं सांगावं लागणार नाही.

येत्या नोव्हेंबरात फरदडीची सभा पुन्हा आहे. सभा मी त्याच खोलीत घेणार. पण या वेळी सुरुवातीलाच आप्पांना हात जोडून विनंती करणार, आणि मावशींना आत खुर्ची देणार.